नेट मीटर बसण्याआधी सोलर चालू करू देऊ नका

"काका, सोलरसाठीचा नेट मीटर यायला पंधरा-वीस दिवस लागतील. तोवर एवढी वीज वाया कशाला घालवायची?" असं म्हणून सोलर बसवणाऱ्या पोराने एमसीबी, म्हणजे सोलरचा स्विच, वर केला. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला, सौभाग्यवतीने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि मी त्याच दिवशी तिसरा हप्ता देऊन टाकला. १ लाख ९५ हजारांपैकी १ लाख ७५ हजार गेले. तिथेच मी फसलो.

महिन्याने बिल आलं. आमचा वापर १९० युनिटच्या आसपास असतो, बिलावर ४३० छापलेले. शंभरच्या पुढे आणि तीनशेच्या पुढे दर चढत जातो, त्यामुळे रक्कम तर दुपटीच्याही वर गेली. फोन केला तर "बघतो काका", आणि पुढे फोन उचलणंच बंद.

शेवटी गावातल्या जुन्या वायरमनला बोलावलं. भर दुपारी त्याने घरातले सगळे स्विच बंद करायला लावले, फ्रीजसुद्धा. मग मला मीटरसमोर उभं केलं. घरात काहीच चालू नसताना मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. त्याने सोलरचा एमसीबी खाली पाडला, दिवा थांबला. वर केला, पुन्हा सुरू. ३ किलोवॅटचे पॅनल दिवसाला साधारण १२ युनिट करतात. दुपारी घरात आम्ही दोघंच, जवळपास सगळी वीज बाहेर लाइनीत जात होती. आणि बऱ्याच साध्या डिजिटल मीटरप्रमाणे आमच्याही मीटरला वीज आत येतेय की बाहेर जातेय हे कळत नाही. जे वाहील ते आपल्या वापरात धरतो. म्हणजे माझ्याच छतावरची वीज मी फुकट देत होतो आणि वर तिचे पैसे भरत होतो. आत-बाहेरचा हिशोब वेगळा ठेवतो तो नेट मीटर, आणि तो बसून वीज कंपनीची परवानगी मिळाल्याशिवाय सिस्टीम जोडायचीच नसते.

मग त्याने अर्थिंग पाहिलं. नियमाने तीन खड्डे लागतात: पॅनलच्या बाजूचा, घरच्या बाजूचा आणि आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. तीन हिरवी झाकणं छान बसवलेली होती. एक झाकण उघडून त्याने सळई धरून ओढली, ती हातात आली. जेमतेम हातभर. बाकी दोन्ही तशाच. पावसाळ्यात वीज पडली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

त्याहून मोठा धक्का वीज कंपनीच्या कार्यालयात बसला. नेट मीटरचा अर्जच गेलेला नव्हता. छतावरच्या सोलरला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर माझी नोंदणी त्या सोलरवाल्या पोराने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून केली होती, म्हणून मला एकही मेसेज आला नाही. ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते. ती काम पूर्ण झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते, कुणाच्या हातून नाही. पण त्यासाठी पॅनल देशात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर, लागतात. आमच्या पॅनलमागच्या स्टिकरवरचे नंबर पडताळले, ते डीसीआर नाहीत. कोटेशनवर तर डीसीआर असं स्पष्ट लिहिलं होतं. छतावर माल चढवताना मी खालीच चहा सांगत बसलो, एकही स्टिकर पाहिलं नाही.

पोलिसांत अर्ज दिलाय, ग्राहक आयोगात तक्रार केलीय. एमसीबी खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीय.

त्याच सोलरवाल्याने आमच्या गल्लीत अजून दोन घरी काम घेतलंय. परवा दुपारी बारा वाजता वायरमनला घेऊन दोन्हीकडे गेलो. पहिल्या घरी सगळं बंद करूनही मीटर लुकलुकत होता, तिथल्या तिथे सोलर बंद केला. दुसऱ्या घरी अजून जोडणी व्हायची होती आणि वहिनींनी शेवटचे साठ हजार दिलेले नव्हते. नेट मीटर भिंतीवर दिसेपर्यंत ते द्यायचे नाहीत, असं त्यांनी माझ्यासमोरच त्याला फोनवर सांगितलं.