पोस्टग्रेसचे टोस्ट कॉम्प्रेशन: एलझेड४ लावावे की पीजीएलझेडवरच राहावे?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १४व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२१ मध्ये, मोठ्या व्हॅल्यूंच्या कॉम्प्रेशनची पद्धत निवडण्याची सोय आली. त्याआधी पीजीएलझेड ही घरची पद्धत तेवढीच होती. आता प्रत्येक कॉलमला पीजीएलझेड किंवा एलझेड४ यांपैकी हवी ती पद्धत देता येते. आमचे मत आधीच सांगतो: जेसनबी (पोस्टग्रेसचा बायनरी जेसन प्रकार), एक्सएमएल, लॉग आणि लांबलचक इंग्रजी मजकूर यांना एलझेड४ लावावे. पण सेटिंग बदलल्याने जुना डेटा तसूभरही हलत नाही, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

टोस्टची यंत्रणा, म्हणजे मोठ्या व्हॅल्यू दाबून किंवा वेगळ्या टेबलात ठेवणारी सोय, एकेका व्हॅल्यूकडे नाही, अख्ख्या ओळीकडे बघते. ओळ सुमारे २ केबीच्या वर गेली की आधी मोठे कॉलम कॉम्प्रेस होतात. तरीही मावले नाही तर व्हॅल्यूचे जवळजवळ २,००० बाइटांचे तुकडे होऊन ते शेजारच्या टोस्ट टेबलात जातात आणि मूळ ओळीत १८ बाइटांचा पत्ता उरतो. त्यामुळे ८०० बाइटांचे जेसन कोटीभर ओळींत असले आणि प्रत्येकात त्याच त्या की (फील्डांची नावे) असल्या, तरी एक बाइटही वाचत नाही. ओळींमधली पुनरावृत्ती दोन्ही पद्धतींना दिसतच नाही. ही या सोयीची सर्वात मोठी उणीव आहे. तिच्यावर उपाय कॉम्प्रेशनचा नव्हे, त्या की स्वतंत्र कॉलममध्ये काढण्याचा.

दोन्ही पद्धती आधी येऊन गेलेला मजकूर शोधून त्याच्या जागी मागचा संदर्भ ठेवतात. पीजीएलझेड जेमतेम ४ केबी मागे बघते, एलझेड४ ६४ केबीपर्यंत. मोठ्या जेसनमध्ये सारखे भाग एकमेकांपासून लांब असतात, तिथे हा फरक जागेतही दिसतो. वेगाच्या बाबतीत तर तुलनाच नको: कॉम्प्रेस करताना आणि उलगडताना, दोन्ही वेळा एलझेड४ बरीच पुढे असते.

पीजीएलझेडचे दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिल्या १,०२४ बाइटांत काहीच दाबता आले नाही तर ती तिथेच थांबते, आणि शेवटी किमान २५ टक्के बचत झाली नाही तर व्हॅल्यू आहे तशीच ठेवते. सुरुवातीला एखादी लांब सही किंवा टोकन आणि मागे ५० केबी एकसुरी मजकूर असेल, तर तो सगळा विनाकॉम्प्रेशन पडून राहतो. २०१४ मध्ये ९.४ आवृत्ती तयार होत असताना जेसनबीचे नेमके हेच झाले. सुरुवातीला ऑफसेटची (प्रत्येक भाग कुठे आहे त्या जागांची) लांब यादी असल्याने मोठे दस्तऐवज दाबलेच जात नव्हते. अखेर बीटा चालू असताना रचना बदलून बहुतेक ठिकाणी ऑफसेटऐवजी लांबी साठवायचे ठरले. एलझेड४ साठी पोस्टग्रेसने असे नियम ठेवलेले नाहीत. निकाल मूळ आकारापेक्षा लहान असेल तर तो ठेवला जातो.

मराठी मजकुराचे गणित मात्र वेगळे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि ‘क्षि’ला तब्बल १२ बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ७०० चिन्हांतच ओळ टोस्टच्या उंबरठ्यावर पोहोचते. या ३ बाइटांपैकी पहिला कायम तोच असतो आणि दुसरा दोनच किमतींपैकी एक असतो, पण पीजीएलझेडला किमान ३ बाइटांची जुळणी लागते आणि एलझेड४ ला ४. त्यामुळे ती पुनरावृत्ती दोघींच्याही हाती लागत नाही. एक अख्खे चिन्ह पीजीएलझेड पकडू शकते, एलझेड४ ला पुढच्या चिन्हाचा एक बाइटही जुळावा लागतो. म्हणून ३-४ केबीच्या मराठी लेखांत जागेपुरती जुनी पद्धत सरस ठरू शकते. क्वचित वाचला जाणारा संग्रह असेल तर दोन्ही मोजून बघूनच ठरवा.

जेपीजी, झिप, एन्क्रिप्ट केलेला डेटा यांना दोन्ही पद्धती निरुपयोगी. अशा कॉलमला ‘सेट स्टोरेज एक्सटर्नल’ द्यावे, म्हणजे कॉम्प्रेशनचा प्रयत्नच होत नाही आणि मधलाच तुकडा हवा असेल तर तेवढाच वाचला जातो. फोटो बेस६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून) टेक्स्टमध्ये ठेवणे तर टाळाच. आकार एकतृतीयांशाने वाढतो आणि यातली कोणतीही पद्धत तो परत आणू शकत नाही. बाइटए हा बायनरी डेटाचा प्रकार वापरा.

आता जुन्या डेटाचे. ‘ऑल्टर कॉलम सेट कॉम्प्रेशन एलझेड४’ ही आज्ञा फक्त यापुढच्या व्हॅल्यूंना लागू होते. अख्खे टेबल नव्याने लिहिणाऱ्या व्हॅक्यूम फुलनेही जुन्या व्हॅल्यू बदलत नाहीत, कॉलमला त्याचीच किंमत देणाऱ्या अपडेटनेही नाही. चाचणीसाठी नवे टेबल करून त्यात ‘इन्सर्ट सिलेक्ट’ने डेटा ओतला तर दाबलेल्या व्हॅल्यू तशाच उचलल्या जातात. मग ‘काहीच फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. व्हॅल्यू नव्याने घडवावी लागते: टेक्स्टला रिकामी स्ट्रिंग जोडून, जेसनबीला टेक्स्टमध्ये नेऊन परत आणून. हे अपडेट पाच-दहा हजार ओळींच्या टप्प्यांत करा आणि मध्ये मृत ओळींची जागा मोकळी करणारे साधे व्हॅक्यूम चालवा, नाहीतर मूळ टेबल आणि टोस्ट टेबल दोन्ही फुगतात. प्रगती ‘पीजी_कॉलम_कॉम्प्रेशन’ने मोजावी. ते पद्धतीचे नाव देते, कॉम्प्रेस नसेल तर नल. बचत बघायला ‘पीजी_कॉलम_साइझ’ आणि ‘ऑक्टेट_लेंग्थ’ शेजारी ठेवा.

एलझेड४ साठी पोस्टग्रेस त्या लायब्ररीसह बांधलेले असावे लागते. स्टँडबाय (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरची तयार प्रत) स्वतः बांधलेल्या बायनरीवर चालत असेल तर आधी ते तपासा, नाहीतर प्रायमरीवर सगळे सुरळीत आणि स्टँडबायवर वाचताना एरर अशी गत होते. दुसऱ्या सर्व्हरवर डम्प (डेटाबेसची फाइलरूपी प्रत) न्यायचा असेल आणि तिथे एलझेड४ नसेल, तर पीजी_डम्पला ‘नो-टोस्ट-कॉम्प्रेशन’ हा पर्याय द्या. मग रिस्टोअर होताना तिथली डीफॉल्ट पद्धत लागते.