डॅम्पिंगसाठी काय लावावं? घरी बनवलेल्या स्पीकर ड्रायव्हरच्या साहित्याची तुलना

एक नैसर्गिक रबराचा आणि एक ब्युटाइल रबराचा, असे दोन चेंडू घ्या. बोटांनी दाबले तर दोन्ही जवळपास सारखेच मऊ लागतात. टेबलावर सोडले की पहिला टणकन उसळतो आणि दुसरा धप्पकन पडून राहतो. पहिल्याने मिळालेली ऊर्जा परत केली, दुसऱ्याने ती आतल्या आत जिरवून तिची उष्णता केली. स्वतः बनवलेल्या ड्रायव्हरचा, म्हणजे स्पीकरमधल्या आवाज काढणाऱ्या घटकाचा, कोन (पुढे-मागे हलणारा निमुळता पडदा) झणझणतो म्हणून त्यावर काही लावायचं असेल, तर सगळ्यात आधी हा फरक मनात पक्का हवा. हाताला मऊ लागणारा पदार्थ कंपन जिरवेलच, म्हणजे डॅम्पिंग करेलच, असं नाही. मी सुरुवातीला मऊपणा पाहूनच सामान निवडत होतो आणि त्यात दोन चांगले कोन वाया घालवले.

कुठलाही लेप एकाच वेळी तीन गोष्टी करतो. तो भागाला ताठ करतो, जड करतो आणि थोडीफार ऊर्जा जिरवतो. यातलं आपल्याला नेमकं काय हवंय, ते ठरवल्याशिवाय साहित्याची तुलना करता येत नाही. बहुतेकांना तिसरं हवं असतं आणि हाती पहिली दोन लागतात.

कोनासाठी: पांढरा गोंद, लाख, की काहीच नको?

कागदी कोन असेल तर पहिला उमेदवार सुतारकामातला पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए. त्याला मोठी परंपरा आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीने लहान मॉनिटर (ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर) म्हणून एलएस३/५ए तयार केला. त्यातल्या केईएफ बी११० ड्रायव्हरचा कोन बेक्स्ट्रीन या पॉलिस्टायरीनवर आधारित प्लॅस्टिकचा होता. नुसतं बेक्स्ट्रीन घुमतं, म्हणून त्यावर पीव्हीएचा लेप चढवला जायचा. आवाज शांत झाला, पण त्याची किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर मिळणाऱ्या आवाजाच्या पातळीत, मोजावी लागली. तो स्पीकर ८२-८३ डेसिबलच्या आसपासच थांबतो. लेपाचा फायदा आणि तोटा इतका स्पष्ट एकत्र दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पीव्हीए काम करतो याचं कारण त्याच्या तापमानात आहे. प्रत्येक पॉलिमर एका ठरावीक तापमानाखाली काचेसारखा कडक असतो आणि त्याच्या बराच वर रबरासारखा लवचिक. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींवर घासत, रखडत हलतात, आणि कंपनाची ऊर्जा सगळ्यात जास्त तिथेच जिरते. शुद्ध पीव्हीएचा हा पट्टा सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला अगदी लागून. बाटलीतल्या गोंदात लवचिकता आणणारे घटक मिसळलेले असले तर तो आणखी खाली येतो. म्हणून पीव्हीए खरोखर ऊर्जा जिरवतो. याच कारणाने थंडीत तो थोडा कडक आणि उकाड्यात थोडा ढिला होतो. वारंवारता वाढली की पदार्थ जास्त थंड असल्यासारखा वागतो, हेही लक्षात असू द्या. १०० हर्ट्झला रबरासारखा असलेला लेप ५ किलोहर्ट्झला बराच कडक असू शकतो.

आता वजनाचा हिशोब, कारण बहुतेक चुका इथे होतात. साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या कोनाचं क्षेत्रफळ ९० चौरस सेंटिमीटर धरू. त्यावर सुकल्यानंतर ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर राहिला, तर तो अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जास्त भरतो. हलणारं एकूण वजन ५ ग्रॅम असेल तर ही १० टक्के वाढ झाली. त्यामुळे संवेदनशीलता सुमारे ०.८ डेसिबलने घटते आणि मूळ रेझोनन्स, म्हणजे ड्रायव्हर ज्या वारंवारतेला आपोआप सगळ्यात जास्त हलतो ती जागा, जवळपास ५ टक्क्यांनी खाली येतो. हे चालण्यासारखं आहे. पण ब्रश सढळ हाताने फिरवला आणि थर तिप्पट झाला, तर २ डेसिबलहून जास्त गेले समजा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या छंदात कुठल्याही लेपाइतकाच महत्त्वाचा आहे. कोन जोडण्याआधी तोला, लेप सुकल्यावर पुन्हा तोला. मी पीव्हीएमध्ये तितकंच पाणी घालतो, एकदाच पातळ हात देतो आणि पूर्ण सुकेपर्यंत दुसऱ्याचा विचारही करत नाही. ओला कागद वाकतो, म्हणून कोन तोपर्यंत साच्यावरच असलेला बरा.

त्याच्या शेजारी चपडी लाख किंवा राळेचं वार्निश ठेवून पाहू. दोन्ही सुकल्यावर ठिसूळ आणि कडक होतात. खोलीच्या तापमानाला ती काचेच्या बाजूला असतात, त्यामुळे जिरवण्याचं काम त्यांच्याकडून फार होत नाही. त्यांच्यामुळे कागद ताठ होतो आणि कोन फुटण्याची, म्हणजे त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांनी हलू लागण्याची वारंवारता वर सरकते. कधी कधी हेच हवं असतं. कोन फार लिबलिबीत असेल आणि खालच्या मध्यस्वरांतच गडबड करत असेल, तर लाखेचा पातळ हात चांगला उपाय आहे. फक्त त्याला डॅम्पिंग समजू नका. फुटण्याची जागा वर गेली की आवाजाच्या आलेखातला तिथला सुळका बहुधा जास्त टोकदार होतो, आणि मग क्रॉसओव्हरला, म्हणजे ड्रायव्हरांमध्ये वारंवारता वाटून देणाऱ्या सर्किटला, त्याची काळजी घ्यावी लागते. मला विचाराल तर बुबुळाभोवती, म्हणजे डस्ट कॅपजवळच्या (मधल्या टोपीजवळच्या) गळ्यात लाख आणि बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात पीव्हीए, ही जोडी कागदी कोनाला सगळ्यात जास्त मानवते. गळ्यात ताठपणा लागतो, कडेला शोषण.

धातूच्या कोनाला लेप लावू नका असंच मी सांगेन. ॲल्युमिनियमची स्वतःची ऊर्जा जिरवण्याची क्षमता जवळजवळ शून्य असते आणि त्याचा ताठपणा एवढा जास्त, की त्यावरचा पातळ मऊ थर कंपनाच्या ऊर्जेत फारसा वाटेकरीच होत नाही. परिणाम दिसेल इतका जाड थर द्यावा, तर कोन जड होऊन बसतो. तिथे क्रॉसओव्हर खाली घेणं किंवा नॉच फिल्टर (ठरावीक वारंवारता कमी करणारं सर्किट) लावणं हाच प्रामाणिक मार्ग. पॉलिप्रोपिलीनचा प्रश्न उलटा आहे. ते स्वतःच बऱ्यापैकी शांत असतं आणि त्यावर जवळजवळ काहीच नीट चिकटत नाही.

सराउंडसाठी: ब्युटाइल, ॲक्रिलिक, लेटेक्स, सिलिकॉन

कोनातून बाहेरच्या कडेकडे निघालेली लाट सराउंडपाशी, म्हणजे कोनाला सांगाड्याशी जोडणाऱ्या लवचिक कडेपाशी, येऊन जिरली पाहिजे. ती तिथून परत फिरली, तर मधल्या वारंवारतांना, बहुधा १ किलोहर्ट्झच्या आगेमागे, आवाजाच्या आलेखावर एक खड्डा आणि त्याला लागून उंचवटा दिसतो. इम्पिडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) आलेखावर त्याच जागी छोटीशी सुरकुती येते. ही खूण दिसली तर कोनाला हातही लावू नका, सगळं काम सराउंडवर करा. इथे दोन-तीन दशांश ग्रॅम योग्य पदार्थ जे करतो, ते कोनावरच्या एक ग्रॅमने होत नाही.

ब्युटाइल माझी पहिली पसंती. चेंडूच्या प्रयोगात पडून राहणारा हाच. खोलीच्या तापमानाला आणि ऐकू येणाऱ्या वारंवारतांच्या मोठ्या पट्ट्यात तो ऊर्जा जिरवत राहतो, पीव्हीएसारखा एखाद्या तापमानाला अडून बसत नाही. सांधे बंद करायची न सुकणारी ब्युटाइलची पट्टी मिळते. तिचे बारीक तुकडे टोल्युइनमध्ये किंवा पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये एक-दोन दिवस विरघळवून, वस्त्रगाळ करून पातळ लेप बनवता येतो. कापडी सराउंडवर तो उत्तम बसतो, विणीतली छिद्रंही बंद करतो आणि कायम किंचित चिकट राहतो. जुन्या कागदी वूफरच्या (खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरच्या) घड्यांच्या कापडी कडेवर हात लावला तर जो चिकटपणा जाणवतो, त्याच जातीचं हे काम आहे. दोष दोन. चिकट असल्याने धूळ धरतो, म्हणून मी तो मागच्या बाजूने लावतो. आणि सॉल्व्हंट फोमला व पॉलिस्टायरीनला खातं, व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) गोंदालाही ढिलं करू शकतं. खिडक्या उघड्या ठेवून, ज्योतीपासून लांब, कोन मोटरवर (चुंबकाच्या भागावर) बसवण्यापूर्वीच हे काम उरका.

सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन वापरायचा मोह होतो, कारण ते हाताशी असतं. ते बहुधा नैसर्गिक रबराचं असतं, म्हणजे उसळणाऱ्या चेंडूच्या घराण्यातलं. द्रव लेटेक्सही त्याच घराण्यातलं. कापडाची छिद्रं बंद करायला किंवा स्वतःचा सराउंड ओतायला लेटेक्स फार छान, हाताळायला सोपं आणि पाण्यात मिसळणारं. पण शोषणाच्या बाबतीत दुबळं, आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने काही वर्षांत कडक होऊन तडकतं.

पाण्यातला न सुकणारा ॲक्रिलिक चिकट, म्हणजे दाब देऊन चिकटणाऱ्या टेपवर असतो तसा, हा ब्युटाइलच्या सगळ्यात जवळ येणारा पर्याय. ज्यांच्याकडे हवेशीर जागा नाही किंवा ज्यांचा सराउंड फोमचा आहे, त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. शोषण जवळजवळ ब्युटाइलइतकं, वास नाही, सॉल्व्हंट नाही. पहिल्याच प्रयत्नासाठी मी ब्युटाइलऐवजी ह्याचीच शिफारस करतो.

सिलिकॉन सीलंट मात्र टाळा. ते इतकं मऊ असतं की फसायला होतं. सिलिकॉनचा काचेसारखा कडक होण्याचा बिंदू उणे १२० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे खोलीत ते निव्वळ स्प्रिंगसारखं वागतं. घेतलेलं परत करतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, ते तांब्याच्या तारांना गंजवतं. आणि एकदा ते लागलं की त्या जागी दुसरं काही धरत नाही.

बास्केट

इथे निवड सोपी आहे. पत्र्याची बास्केट, म्हणजे ड्रायव्हरचा सांगाडा, टिचकी मारल्यावर घंटेसारखी वाजत असेल, तर तिच्या दांड्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा जोडलेली ब्युटाइलची पट्टी लावा. वरचा पत्रा आणि खालची दांडी यांच्यामध्ये ब्युटाइल सरकतं, ताणलं जातं, आणि त्या सरकण्यात शोषण कितीतरी वाढतं. नुसती डांबराची शीट तेवढं करायला बरीच जाड लागते, ऊन लागलं की ओघळते आणि थंडीत सुटून पडते. इथे वजनाची चिंता नाही, कारण बास्केट हलत नाही. म्हणून घासाघीस न करता चांगली पट्टी घ्या.

हवेला रोखणारं साहित्य: फेल्ट की कापड?

आतापर्यंतचं सगळं घन भागांच्या कंपनाबद्दल होतं. फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा नमदा) आणि जाळीदार कापड हवेच्या हालचालीवर काम करतात, आणि हवा जिथे हलत नाही तिथे ते निरुपयोगी. कठीण भिंतीला टेकलेल्या ५ मिलिमीटर फेल्टचा उपयोग काही किलोहर्ट्झच्या वरच जाणवतो, कारण भिंतीजवळ हवेचा वेग जवळजवळ शून्य असतो. तरी पोल पीसच्या (चुंबकाच्या मधल्या लोखंडी खांबाच्या) तोंडावर आणि डस्ट कॅपच्या आत लोकरीच्या फेल्टची छोटी चकती ठेवण्यासारखी आहे. तिथली पोकळी लहान असते आणि तिचा त्रासही वरच्या वारंवारतांनाच होतो. लोकरीचं घ्या. सिंथेटिक फेल्टची घनता एकाच तुकड्यातही बदलू शकते.

प्लेनर किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक ड्रायव्हर (ज्यात कोनाऐवजी ताणलेली पातळ फिल्म हलते) बनवणाऱ्यांसाठी मात्र हाच मुख्य विषय आहे. ताणलेल्या पातळ फिल्मवर काहीही रंगवलं तरी ती जड होते, आणि तिचा मूळ रेझोनन्स तसाच टोकदार राहतो. इथे फिल्मच्या अगदी मागे, छिद्रांच्या पत्र्यावर ताणून चिकटवलेलं बारीक विणीचं पॉलिएस्टर किंवा रेशमी कापड फेल्टपेक्षा फार सरस ठरतं. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी यासाठी अगदी योग्य, कारण तिची वीण सगळीकडे सारखी असते. जाड फेल्ट मूळ रेझोनन्ससोबत वरचा आवाजही गिळतं. कापड फिल्मपासून जितकं लांब, तितका त्याचा धाक कमी.

घुमटाकार ट्वीटरवरही, म्हणजे उंच स्वरांच्या ड्रायव्हरवरही, रंगकाम नको. तिथे ०.३ ग्रॅम हलणाऱ्या वजनात ०.१ ग्रॅमची भर म्हणजे अडीच डेसिबल गेले. त्याऐवजी कॉइल हलते त्या चुंबकाच्या फटीत फेरोफ्लुइड. हे तेलात विखुरलेले अतिसूक्ष्म चुंबकीय कण, मूळचे १९६३ साली नासात स्टीव्ह पॅपेल यांनी रॉकेटच्या इंधनासाठी केलेल्या कामातले. ते कॉइलला मध्यावर धरतं, उष्णता वाहून नेतं आणि मूळ रेझोनन्सचा सुळका बसवतं. घरी बनवलेल्या, किंचित तिरक्या कॉइलला तर ते मोठाच आधार आहे. कोनाच्या फुटण्यावर त्याचा काही परिणाम नाही, आणि लांब हेलकावे घेणाऱ्या वूफरमध्ये ते फटीबाहेर फेकलं जातं.

यातलं काहीही खऱ्या कोनावर लावण्याआधी त्याच कागदाच्या चार पट्ट्या कापा. एक कोरी ठेवा, उरलेल्या तिघींना वेगवेगळे लेप द्या, आणि वजन सारखं भरेल एवढेच द्या. आठवडाभर सुकू द्या, कारण पीव्हीए दुसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी वेगवेगळा वागतो. मग टेबलाच्या कडेला सारख्याच लांबीने धरून टिचकी मारा. कोरी पट्टी थरथरत राहील, लाखेची जास्त उंच स्वरात थरथरेल, आणि ज्या पट्टीचा आवाज बोट उचलताच संपेल तिचा लेप कोनासाठी घ्या.