कोकण रेल्वे: आधी दुहेरीकरण की आधी मेमू?

रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे मार्ग एकेरीच. पूर्ण दुहेरीकरण झालं तर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणारी गाडी जाऊ देण्यासाठी, पॅसेंजर ताटकळणार नाही. पण बोगदे, पूल, दरडी बघता खर्च अफाट, आणि वर्षं किती जातील कोण जाणे.

त्यापेक्षा क्रॉसिंग स्थानकं वाढवून चिपळूण–रत्नागिरी–सावंतवाडी अशा कमी पल्ल्याच्या मेमू, म्हणजे विजेवर धावणाऱ्या लोकलसारख्या गाड्या, सोडाव्यात. २०२२ मध्ये विद्युतीकरण झालंच आहे. सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजार गाठायचा आणि दुपारी घरी परतायचं, हे लांब पल्ल्याच्या गाड्यांनी साधत नाही. गणपतीतली गर्दी मात्र यानेही हटणार नाही. तरी माझं मत मेमूलाच. मालाचं म्हणाल, तर आंबा ट्रकनेही मुंबईला पोचतो; पण कॉलेजच्या पोरांना एसटी चुकली तर दिवस बुडतो.