साधी व्हिन्यो व्हेर्दे की लोरेइरो?

पोर्तुगालमधल्या पोर्तोत राहायला आलो तेव्हा वर्षभर आमच्या घरी एकच वाइन यायची, तीन-चार युरोंची साधी व्हिन्यो व्हेर्दे. लोरेइरो, अरिन्तो, त्रजादुरा अशा दोन-तीन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण आणि जिभेवर हलके चुरचुरणारे बुडबुडे. पुढे लिमा नदीच्या खोऱ्यातली, निव्वळ लोरेइरो द्राक्षांची बाटली हाती लागली. तीही व्हिन्यो व्हेर्देच, कारण हे नाव एका द्राक्षाचं नाही, वायव्य पोर्तुगालमध्ये 1908 साली आखून दिलेल्या प्रदेशातल्या वाइनचं आहे. आता घरी दोन्ही येतात, पण सारख्या नाही.

साधीची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. पोर्तोशेजारच्या मातोझिन्योशला उन्हाळ्यात हॉटेलवाले दारातच शेगडी मांडतात. सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीणच, नुसतं जाडं मीठ लावून निखाऱ्यावर टाकतात. ती ब्रोआवर, म्हणजे मक्याच्या पावावर घ्यायची, तिचं तेल पावात मुरू द्यायचं आणि थंडगार व्हिन्यो व्हेर्देचा घोट घ्यायचा. तोंडातला तेलकटपणा एका घोटात निघून जातो. खारवलेल्या कॉड माशाचे तळलेले बोलिन्योश, म्हणजे छोटे गोळे असले तरी तेच. या दोन पदार्थांपुढे मी लोरेइरोचा आग्रह धरणार नाही.

अडतं ते दुसऱ्या दिवशी. आम्ही घरात दोघंच, बाटली एका जेवणात संपत नाही. उरलेली अर्धी फ्रीजच्या दारात ठेवायची आणि दुसऱ्या रात्री ओतली की बुडबुडे गायब! पूर्वी हे बुडबुडे बाटलीतच होणाऱ्या आंबण्यातून यायचे. आता बहुतेक स्वस्त वाइनमध्ये बाटली भरतानाच वायू सोडतात. तो उडाला की मागे आंबटपणा आणि थोडा गोडवा उरतो, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. घट्ट रबरी बूच लावून पाहिलं, बाटली उभी ठेवून पाहिली. कदाचित माझ्याच फ्रीजचा दोष असेल. पण सिंकमध्ये ओतलेल्या अर्ध्या बाटल्या धरल्या, तर स्वस्त वाइन तितकीशी स्वस्त पडत नाही.

लोरेइरोला बुडबुडे असले तरी नावापुरते, तिची चव त्यांच्या जिवावर उभी नाही. लोरेइरो म्हणजे लॉरेलचं, सुगंधी पानांचं झाड. मला मात्र तिच्यात लिंबाची साल आणि पांढऱ्या फुलांचा वास जास्त येतो. दुसऱ्या दिवशीही ती तशीच लागते, एकदोनदा तर अधिक चांगली लागली. दोन-तीन युरो जास्त जातात, पण शेवटचा पेलाही पिऊन होतो.

जेवणात ती खरी खुलते कोथिंबिरीबरोबर. इथे तिसऱ्या ऑलिव्ह तेल आणि लसणावर टाकून झाकण ठेवतात, शिंपले उघडले की लिंबू पिळतात आणि वरून मूठभर कोथिंबीर. कोकणातल्या माणसाला हे ताट परकं वाटणारच नाही. तळाशी उरलेल्या रसात पाव बुडवायचा आणि वर लोरेइरो. घरी मी ओलं खोबरं घालून तिसऱ्यांचं सुकं करतो, तेव्हाही तीच काढतो.

तिखटाचं म्हणाल तर गोव्याच्या रेशाद मसाल्याचं नाव पोर्तुगीजच, 'रेशेआदो' म्हणजे भरलेलं. तो भरून इथला बांगडा तळला, तेव्हा दोन्ही वाइन समोर ठेवल्या होत्या. मिरचीवर बुडबुडे आले की जीभ जास्त पोळते, निदान आमची तरी. लोरेइरोने तसा त्रास दिला नाही.

याच प्रदेशातल्या मोन्सांव आणि मेल्गासोकडची अल्व्हारिन्यो, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची वाइन, उत्तम असते, पण ती बारा-तेरा टक्के अल्कोहोलची, अंगाने भरलेली. हलकी वाइन हवी असणाऱ्याला ती सुचवत नाही. खेकडा किंवा ऑक्टोपसचा भात असेल तर गोष्ट वेगळी.

23 जूनला, सांव जुआंवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या रात्री, गल्लीत दहाजण सार्डिन भाजत असतील तर साधीच न्या, बाटली उघडली की संपतेच. घरी दोघंच जेवणार असाल तर लोरेइरो घ्या, शक्यतो मागच्या हंगामाची. साध्या बाटल्यांवर पुष्कळदा सालच नसतं, लोरेइरोवर बहुधा असतं.