हृदयासाठी कोणतं ताट: बिनतेलाचं की भूमध्यसागरी?

ईसीजीत काही वेडंवाकडं दिसलं किंवा कोलेस्टेरॉल चढलं, की घरात पहिला हुकूम सुटतो तो ‘तेल-तूप बंद’चा. मग कुणीतरी ऑलिव्ह ऑईलची बाटली आणून देतं आणि सांगतं, ग्रीस-इटलीकडची माणसं हेच खातात, त्यांना काही होत नाही. एक सल्ला तेल आखडायला सांगतो, दुसरा सढळ हातानं घ्यायला. दोन्ही एकदम पाळणं तर शक्य नाही.

हे दोन आहार समोरासमोर ठेवून तपासले गेले आहेत आणि त्यातलं महत्त्वाचं काम स्पेनमधलं आहे. २००३ पासून तिथे ‘प्रेडिमेड’ नावाची चाचणी झाली. सुमारे साडेसात हजार माणसं, पुरुष ५५ च्या आणि बायका ६० च्या पुढच्या. हृदयविकार झालेला नाही, पण मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान वगैरेंमुळे धोका मोठा. चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना भूमध्यसागरी आहार: एका गटाच्या घरी आठवड्याला सुमारे लिटरभर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईल फुकट. दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम सुका मेवा, त्यात निम्मे अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. तिसऱ्याला सांगितलं, चरबी कमी खा. त्यांच्या वाट्याला किरकोळ भेटवस्तू.

लोक आहार पाळतात की नाही हे चौदा प्रश्नांनी तपासत. दिवसाला चार मोठे चमचे ऑलिव्ह ऑईल होतं का? डाळी-कडधान्यं आठवड्यातून तीनदा? मासे तीनदा? बाजारचं गोडधोड आठवड्यात दोनदापेक्षा कमी? आणि ‘सोफ्रितो’ दोनदा तरी? सोफ्रितो म्हणजे ऑलिव्ह ऑईलमध्ये कांदा, लसूण आणि टोमॅटो मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायचा. आपण रश्शाचं वाटण परततो त्याच्या बरंच जवळचं. त्यात मग चणे, भाजी किंवा मासे पडतात. म्हणजे ते तेल भाज्या आणि कडधान्यं पोटात जावीत म्हणून वापरलेलं असतं. बटाटेवडे तळायला ऑलिव्ह ऑईल घेऊन त्याला भूमध्यसागरी आहार म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न दोनदा वाचावा.

निकाल २०१३ मध्ये आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांची बेरीज दोन्ही भूमध्यसागरी गटांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी. मथळे याच आकड्याचे झाले. आता तोच आकडा उलगडून बघा. चरबी कमी करायला सांगितलेल्या गटात वर्षाला दर हजारी साधारण ११ जणांना असा प्रसंग आला, बाकी दोन गटांत ८ जणांना. हजारात तिघं वाचले. कमी नाही, पण जादूही नाही. सुटं सुटं मोजलं तर ठळक फरक फक्त पक्षाघातात होता. एकूण मृत्यूंत नव्हता.

काही केंद्रांवर गट पाडताना चिठ्ठीचा नियम नीट पाळला गेला नव्हता. कुठे एकाच घरातल्या दोघांना एकाच गटात टाकलं, कुठे अख्खा दवाखानाच एका गटात. म्हणून संशोधकांनी तो लेख मागे घेतला आणि २०१८ मध्ये नव्यानं गणित करून छापला. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, दावे थोडे सौम्य झाले. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी खोट वेगळीच आहे: ज्यांना चरबी कमी करा म्हणून सांगितलं, त्यांच्या खाण्यातली चरबी जेमतेमच कमी झाली.

म्हणून ज्यांना हृदयविकार झालेलाच आहे त्यांनी स्पेनमधल्याच कॉर्डोबातली ‘कॉर्डिओप्रेव्ह’ चाचणी बघावी. १००२ रुग्ण, सात वर्षं, २०२२ मध्ये प्रसिद्ध. इथे कमी चरबीच्या गटानं ताटातली चरबी खरंच उतरवली, आणि सल्लामसलत दोन्ही गटांना सारखीच मिळाली. तरीही पुढचे प्रसंग भूमध्यसागरी गटात ८७ आणि दुसऱ्यात १११. फायदा पुरुषांत स्पष्ट दिसला. बायका पाचांत एकीपेक्षाही कमी होत्या, त्यांच्याबद्दल यातून ठाम बोलता येत नाही.

कमी चरबीच्या बाजूनं काय आहे? अमेरिकेत जवळपास ४९ हजार बायकांवर आठेक वर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला, तेव्हा चरबी घटवल्यानं हृदयविकारात लक्षणीय फरक दिसला नाही. तेल काढलं तर त्या जागी ताटात काय आलं, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे बहुधा जास्तीचा भात, साबुदाणा, ‘डाएट’ चिवडा आणि चहासोबत मारी बिस्किटं येतात. असं तेल कमी करून पदरात फारसं पडत नाही. मात्र ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) हजाराच्या घरात गेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि डॉक्टरांनी सांगितलेली तेलबंदी पाळायचीच.

खर्चाची बाजू सरळ आहे. एक्स्ट्रा व्हर्जिन इथे लिटरला हजाराच्या पुढे जातं. आठवड्याला लिटर कुणाला परवडणार? स्वस्त मिळतं ते ‘पोमेस’, म्हणजे चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं. त्यात पॉलिफेनॉल, म्हणजे ऑलिव्हमधली उपयोगी मानली जाणारी द्रव्यं, नावापुरती. शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास एकअसंतृप्त (हृदयाला बरी मानली जाणारी) चरबी असते, ऑलिव्हमध्ये सत्तर टक्क्यांच्या पुढे. बाकीचं ताट मात्र आपल्याला परकं नाही: उसळी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि कोकणातली तारली, जी स्पेनच्या सार्डिनची बहीणच (फक्त रव्यात घोळून कढईत बुडवू नये). एवढ्यानं स्पेनइतकाच फायदा होईल, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मुरादाबादहून २००२ मध्ये ‘इंडो-मेडिटेरेनियन’ आहाराचे झकास निकाल छापून आले होते, पण २००५ मध्ये त्याच नियतकालिकानं त्यांबद्दल जाहीर शंका घेतली. कुणी तो दाखला दिला तर बाजूला ठेवा.

मला निवडायचं असेल तर मी भूमध्यसागरी बाजू घेईन. झटका येऊन गेलेल्या पुरुषानं तर नक्कीच घ्यावी, पण गोळ्या चालू ठेवून. त्या चौदा प्रश्नांत वाइनचाही एक प्रश्न होता. न पिणाऱ्यानं त्यासाठी सुरुवात करायचं कारण नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सुका मेवा विचारून खा. आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा. ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा डोस बदलावा लागू शकतो.