आरएक्स-78-2: 1980चं किट घ्यावं की 2015चं?

आरएक्स-78-2, म्हणजे जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला गंडम रोबो, 1/144 मापाच्या प्लास्टिक मॉडेल किटमध्ये घ्यायचा म्हटलं की माझ्या मते निवड दोन डब्यांवर येऊन थांबते. एक जुलै 1980मध्ये 300 येनला निघालेलं मूळ किट. ते आजही अधूनमधून बाजारात येतं. दुसरं 2015चं एचजी (हाय ग्रेड) 'रिवाइव्ह', म्हणजे त्याच रोबोची नव्याने घडवलेली आवृत्ती. दोन्ही मी जोडली आहेत आणि दोन्ही कपाटात शेजारी उभी आहेत.

दिसण्यात जुनं मागे पडतं असं मला वाटत नाही. कुनिओ ओकावारांनी 1979च्या मालिकेसाठी काढलेल्या गंडमचा आखूड, भरलेला बांधा त्यात आहे. रिवाइव्हचे पाय लांब, कंबर बारीक. ज्याला टीव्हीवरचा गंडम हवा त्याने जुनं घेतलं, तर मी त्याला अडवणार नाही.

खरी अडचण सांध्यांची आहे. जुन्या किटमध्ये प्लास्टिकची खुंटी प्लास्टिकच्याच खाचेत फिरते. पायाच्या दोन अर्ध्या भागांत गुडघा अडकवायचा आणि प्लास्टिक सिमेंटने बंद करायचं. मग तो परत निघत नाही. जोडाची रेघ घासून रंगवायची तर आतला भाग आधी रंगवून, टेप लावून झाकावा लागतो. ते काम मला आवडतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे टॉप कोट (रंगावरचा संरक्षक थर) पांढरट पडतो म्हणून उन्हाची वाट बघत बसणंही चालतं. पण एवढं करून हात हलवला की कोपराच्या आतल्या कडेला रंग खरवडला जातो आणि खालचं कोरं प्लास्टिक दिसायला लागतं. खाच अगदी फिट असते, रंगाच्या थराला जागाच नसते. खाच घासून रुंद केली तर रंग वाचतो, पण हात लोंबकळतो. रंग सांभाळायचा की हात हलवायचा, हे मला प्रत्येक वेळी ठरवावं लागलं. त्यातही पाय फक्त पुढे-मागे होतात, फाकत नाहीत.

हा तिढा हळूहळू सुटत गेला. 1980च्या दशकाच्या मध्यात पॉलिकॅप आले. मऊ प्लास्टिकची ती टोपी खुंटीला धरून ठेवते, त्यामुळे सांधा घट्टही राहतो आणि फिरतोही. 1990मध्ये पहिलं एचजी आलं, तेही आरएक्स-78-2चंच. त्यात एकाच रनरवर, म्हणजे पार्ट जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, वेगवेगळ्या रंगांचे पार्ट होते. मला हा दुसरा बदल जास्त मोठा वाटतो. रंग साच्यातूनच यायला लागल्यावर सांध्याला रंगाचं ओझं उरलं नाही.

रिवाइव्हमध्ये या सगळ्याचं फळ हातात येतं. कोपर आणि गुडघे दोन ठिकाणी वाकतात, कंबर कलते. एक गुडघा टेकवून बाझूका खांद्यावर ठेवला तरी तो नीट उभा राहतो. निळा, लाल, पिवळा सगळे पार्टमध्येच आहेत, स्टिकर थोडेच. ही पोज मी हवी तेव्हा बदलतो आणि कुठेही रंग खरवडलेला दिसत नाही.

2010चं आरजी (रिअल ग्रेड) किटही याच मापात आहे आणि आतली फ्रेम बघण्यासारखी आहे. पण त्यातले बारीक पार्ट आणि बारीक स्टिकर पाहता ते मला काचेमागे ठेवायचं किट वाटतं. सारखं हाताळणाऱ्याला मी ते पटकन सुचवणार नाही.

रंगकाम हाच तुमचा खरा छंद असेल आणि एकच पोज ठरवून सांधे कायमचे चिकटवायची तयारी असेल, तर 1980चं जरूर घ्या. नाहीतर रिवाइव्ह, सोबत पार्ट कापायला एक बरा निपर आणि पार्टवरच्या रेघांसाठी राखाडी मार्कर.