ऑलिंपस टफ टीजी-६ : पावसात पळणाऱ्यांचा कॅमेरा

मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट आणि चाळकेवाडीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, या माझ्या पावसाळ्यातल्या पळायच्या वाटा. तिथल्या पावसात फोन काढून उपयोग नसतो, ओल्या बोटांना स्क्रीन दादच देत नाही. टीजी-६ला खरीखुरी बटणं आहेत. वजन २५३ ग्रॅम, कमरेच्या पट्ट्यात घट्ट बसतो. कंपनी १५ मीटर खोल पाण्याची हमी देते, त्यामुळे सरी आल्या तरी मी तो झाकत नाही.

पण मी त्याच्या प्रेमात पडले ती मायक्रोस्कोप मोडमुळे. भिंगापासून अगदी १ सेंटीमीटरवरचं फोकस होतं. सड्यावर दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती उगवते. पळताना ती नुसती लालसर ओल वाटते. उकिडवं बसून कॅमेरा टेकवला की पानावरचा एकेक केस दिसतो, टोकाला चिकट थेंब आणि त्यात पाय अडकलेलं चिलट. दव उन्हानं उडून जातं, हे थेंब उडत नाहीत. शेजारी सीतेची आसवे जांभळी फुललेली असतात. तीही कीटकभक्षीच, फक्त तिचे सापळे मातीखाली. हे सगळं माझ्या बुटांच्या उंचीवर चाललेलं असतं! सोबतचे म्हणतात, थांबल्यानं लय मोडते. मोडू दे. बसताना मात्र उघड्या कातळावरच बसा, मातीच्या पातळ थरावर गुडघा टेकला तर तीच झाडं चिरडतात.

सड्यावर वारा फार, फूल हलतं. एका हाताचा आडोसा करावा लागतो. शिवाय इतक्या जवळून कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पडते. त्यासाठी एलजी-१ नावाची कडी मिळते. कॅमेऱ्यातल्याच एलईडीचा उजेड ती भिंगाभोवती पसरवते. माझ्या मते ती हवीच.

दऱ्याखोऱ्यांच्या फोटोंसाठी मात्र हा घेऊ नका. सेन्सर छोटा, १२ मेगापिक्सेलचा, पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र रवाळ येतं. पळायला निघण्यापूर्वी बॅटरीचं झाकण लॉक झालंय ना आणि रबरी पट्टीवर वाळूचा कण नाही ना, हे दर वेळी बघा. घरी आल्यावर झाकण बंद ठेवूनच साध्या पाण्यानं धुवा.

२०२३मध्ये टीजी-७ आला. सेन्सर आणि भिंग तेच, चार्जिंग यूएसबी-सीवर. चांगल्या अवस्थेतला जुना टीजी-६ मिळत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन आणि वाचलेल्या पैशांत एलजी-१.